वाचक विचारतात : ‘गोल्डन सहारा’ आणि मूळ रूपाचा प्रश्न

गेल्या अंकाच्या मलपृष्ठावर आम्ही मोतिया-सोनेरी रंगाच्या, पारदर्शक छताच्या आणि आतून उजळलेल्या टायरांच्या एका मोटारीचे छायाचित्र छापले होते. त्याखाली ‘गोल्डन सहारा २, अमेरिका, १९५६, जीर्णोद्धार २०१९’ एवढीच ओळ होती. ही काटकसर वाचकांना मानवली नाही, हे या महिन्याच्या टपालावरून दिसले. आलेल्या पत्रांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. ज्यांचे प्रश्न एकमेकांशी जुळत होते त्यांना एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : ही गाडी कोणत्या कंपनीची? छायाचित्रात कोठेही बोधचिन्ह दिसले नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : ती कोणत्याही कंपनीची नाही, आणि तिच्याविषयीच्या पुढच्या सगळ्या गुंतागुंतीचे मूळ तेथेच आहे. हिच्या पोटात १९५३ सालची लिंकन कॅप्री आहे. कॅलिफोर्नियातील जॉर्ज बॅरिस या कारागिराची ती गाडी गवताच्या ट्रकवर मागून आदळली आणि तिचे छत चेपले गेले, असे सांगितले जाते. बॅरिस हा तयार गाड्या कापून, खाली बसवून, वळवून त्यांचे रूपच पालटून टाकणाऱ्या कारागिरांपैकी अग्रगण्य होता. अशा गाड्यांना तेथे कस्टम कार म्हणतात. आपल्याकडचे गॅरेजवाले पत्र्याच्या सांध्यावर जशी लांबी भरतात, तसे हे लोक त्या काळी वितळवलेले शिसे भरीत, लाकडी फळीने ते सारखे करीत आणि कानशीने घासून असे गुळगुळीत करीत की दोन पत्रे कोठे जुळले आहेत ते बोटाला कळू नये.

ओहायो राज्यातील डेटन गावचा जिम स्ट्रीट नावाचा गृहस्थ पैसे घालण्यास तयार झाला आणि अपघातात सापडलेल्या त्या लिंकनची ‘गोल्डन सहारा’ झाली. ती १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या पीटरसन मोटोरामा प्रदर्शनात लोकांसमोर आली. दोन वर्षांनी स्ट्रीटने ती पुन्हा उघडली. या खेपेचे काम बॅरिसच्या कारखान्यात झाले नाही. मागच्या बाजूला मोठे पंख आले, पुढचा चेहरा बदलला, आत विजेची यंत्रणा भरली गेली आणि नावापुढे ‘२’ हा आकडा लागला. आम्ही छापलेले छायाचित्र या दुसऱ्या रूपाचे आहे.

त्याच सुमारास मोठ्या कंपन्याही स्वप्नातल्या वाटाव्यात अशा गाड्या तयार करीत होत्या. १९५५ ची लिंकन फ्युच्युरा इटलीतील तुरिन शहरात घिया या कारखान्याने बांधली होती. पुढे बॅरिसने तिचीच बॅटमोबाइल, म्हणजे दूरचित्रवाणीवरील बॅटमॅनची गाडी, केली, म्हणून ती अनेकांना नाव माहीत नसतानाही ओळखीची असते. मात्र लिंकन ही फोर्डचीच असल्याने फ्युच्युराच्या पाठीशी फोर्डचा आराखडा-विभाग होता आणि ‘सहारा’च्या पाठीशी एका माणसाची हौस, त्याचा पैसा आणि तिकीट लावून गर्दी खेचण्याची त्याची उत्तम जाण होती. या गाडीविषयी जे जे ऐकू येते ते या पार्श्वभूमीवर ऐकावे.

प्रश्न : तिच्या रंगात माशांचे खवले वाटून घातले होते, असे वाचले. आम्ही कोळीवाड्याजवळ राहणारी माणसे. आम्हाला ही थाप वाटते. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : थाप नाही, पण ‘वाटून’ हा शब्द मात्र सैल आहे. आपण रत्नागिरीचे असल्यामुळे हे आपल्याला प्रयोगाशिवाय पटेल. तारली साफ केल्यावर हात कितीही धुतले तरी बोटांच्या पेरांवर आणि नखांच्या कडांवर एक चंदेरी झाक राहते, ती आठवावी. ती चमक खवल्याच्या कठीण भागाची नसते. माशाच्या कातडीत आणि खवल्याला चिकटून ग्वानीन नावाच्या द्रव्याचे अतिशय पातळ, चपटे स्फटिक असतात, आणि प्रकाश त्यांच्या थरांवरून परावर्तित होतो म्हणून मासा चांदीसारखा दिसतो. माशांच्या खवल्यांपासून हे स्फटिक धुऊन वेगळे काढण्याचा धंदा फार जुना आहे. खोट्या मोत्यांना मोत्याचे तेज याच अर्काने येत असे, आणि नखांना लावायच्या चमकदार रंगांतही तो पडत असे.

हाच अर्क लॅकर नावाच्या पारदर्शक रोगणात मिसळून फवारला की पत्र्यावर ‘पर्ल’ रंग चढतो. फवारताना स्फटिक जितके पृष्ठभागाला समांतर आडवे पडतील तितकी चमक खोल भासते, आणि ते तळाशी बसू नयेत म्हणून मिश्रण सतत ढवळत राहावे लागते. ‘सहारा’च्या पांढऱ्या रंगात यावर सोन्याची छटा होती, त्यामुळे ती एका बाजूने मोत्यासारखी आणि वळून पाहिले की सायीसारखी पिवळसर दिसत असे. फ्युच्युरालाही अशाच जातीचा रंग होता. पुढे अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप देऊन तीच चमक स्वस्तात आणि टिकाऊ स्वरूपात मिळू लागली, आणि मासे या धंद्यातून जवळजवळ सुटले. आज आपल्या गल्लीत उभ्या असलेल्या मोतिया पांढऱ्या गाडीचे तेज अभ्रकाचे आहे.

प्रश्न : ही गाडी १९५०-६० च्या काळात चालकाविना चालत होती, हे खरे आहे काय? तसे असेल तर आजच्या स्वयंचलित गाड्यांचे एवढे कौतुक कशासाठी? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय उत्तर देणे अन्यायाचे होईल. चालक आसनावर नसताना गाडी चालणे ही एक गोष्ट आणि गाडीने स्वतः रस्ता पाहून चालणे ही दुसरी. ‘सहारा’ पहिली गोष्ट करून दाखवीत असे. १९६२ मध्ये अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात ती दूरनियंत्रणाने चालवून दाखवण्यात आली होती, आणि यात अशक्य असे काहीच नाही. रेडिओच्या संदेशावर उघडणारे गॅरेजचे दार त्या काळच्या अमेरिकेत अपूर्वाईचे राहिले नव्हते. संदेश आला की रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारी कळ, जोडली जाते, रिलेने मोटर फिरते आणि मोटरने दार उचलले जाते. दाराच्या जागी सुकाणू, ब्रेक आणि वेग कमी-जास्त करणारा थ्रॉटल जोडले, तर तत्त्व तेच राहते आणि काम मात्र कितीतरी अवघड होते. हात नियंत्रकावर असलेला आणि डोळे गाडीवर असलेला माणूस मात्र प्रत्येक वेळी जवळच कोठेतरी उभा असतोच. पाहणारा तोच, ठरवणारा तोच. फक्त त्याची आणि पेडलची फारकत झालेली असते.

आतल्या आसनावर बसूनही ती निरनिराळ्या प्रकारे चालवता येई. विमानातल्यासारखा एक दांडा होता: पुढे ढकलला की वेग वाढे, मागे ओढला की ब्रेक लागे, डावी-उजवीकडे कलवला की चाके वळत. जनरल मोटर्सच्या १९५८ च्या फायरबर्ड ३ या प्रदर्शनीय गाडीतही एकाच दांड्यावर सगळा कारभार होता, त्यामुळे ही कल्पना त्या दशकाच्या हवेतच होती असे म्हणता येते.

पुढच्या बंपरवरील दोन टोकदार शंकू वाटेतला अडथळा ओळखून ब्रेक लावतात, असा प्रचार होता. कल्पना म्हणून ती हास्यास्पद नव्हती. कॅडिलॅकच्या १९५९ च्या सायक्लोन या प्रदर्शनीय गाडीच्या नाकातील दोन काळ्या शंकूंत खरोखरच रडारची सोय होती. परंतु प्रदर्शनाच्या मोकळ्या जागेत, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या अडथळ्यापुढे थांबणे आणि भर बाजारात, पावसात, मध्येच आडव्या आलेल्या सायकलस्वारापुढे थांबणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गाडी तोंडी हुकूम ऐकते, या दाव्याबाबत मी अधिक साशंक आहे. १९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील एक अवजड यंत्र एका ओळखीच्या माणसाने उच्चारलेले शून्य ते नऊ हे आकडे ओळखू शकत होते, आणि १९६२ मध्ये आयबीएमने दाखवलेल्या यंत्राची मजल सोळा शब्दांपर्यंत गेली होती. जगातल्या उत्तम प्रयोगशाळांची ही स्थिती असताना डेटनमधील एका गॅरेजातली गाडी वाक्ये समजत होती असे मानणे कठीण आहे. आवाज झाला की रिले उचलणारे विजेचे साधे मंडळ आणि ते कधी उचलेल हे पक्के ठाऊक असलेला मालक, एवढ्यावरही प्रेक्षक थक्क होऊ शकतात. हा माझा अंदाज आहे, आणि तो स्ट्रीटच्या कौशल्याला कमी लेखणारा नाही. जत्रेतल्या जादूगाराला कोणी खोटारडा म्हणत नाही.

आपण अभियांत्रिकी शिकत आहात म्हणून एक पुस्ती जोडतो. त्या काळात चालकाशिवाय रस्ता धरून जाण्याचे खरे प्रयोग गाडीपेक्षा रस्त्यावर अधिक भर देणारे होते. १९५६ च्या फायरबर्ड २ बरोबर जनरल मोटर्सने जे चित्र रंगवले त्यात रस्त्याखाली वीजवाहक तार पुरलेली होती. १९५८ मध्ये कंपनीने आपल्या वॉरन येथील आवारात अशा तारेवरून शेवरोले चालवून दाखवली. गाडीच्या पुढच्या बाजूला बसवलेली वेटोळी तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र टिपत आणि त्याप्रमाणे सुकाणू फिरे. गाडी तेथेही पाहत नव्हती, ती खालच्या तारेचा माग काढीत होती. पाहणे हाच सर्वांत अवघड भाग आहे, आणि आजचे कौतुक त्यासाठी आहे.

प्रश्न : गाडीत फ्रिज आणि टीव्ही होता काय? आणि तिला ७५,००० डॉलर खर्च आला हे खरे मानावे काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : टीव्ही होता, ध्वनिमुद्रण यंत्र होते, मागच्या बाजूला छोट्या फ्रिजसह मद्याचे कपाटही होते. पैशाचे म्हणाल तर पहिल्या रूपाला २५,००० आणि दुसऱ्याला ७५,००० डॉलर हे आकडे जाहिरातीचे आहेत. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअमची, म्हणजे त्या काळच्या अतिशय महागड्या अमेरिकी गाडीची, किंमत १३,०७४ डॉलर होती, एवढे शेजारी ठेवून आपणच ठरवावे.

प्रश्न : आतून उजळणारे टायर बाजारात का आले नाहीत? रात्री दुचाकीस्वाराला यांचा केवढा उपयोग झाला असता! आणि टायर काळाच का असतो? (दोन वाचक, नाशिक व वर्धा)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पहिल्याचे अर्धे उत्तर त्यातच आहे. रबर स्वभावतः काळे नसते. ते दुधाळ-पिवळट असते. त्यात काजळीसारखी कार्बनची पूड मिसळतात म्हणून ते काळे होते, आणि ही पूड रंगासाठी नसून झीज कमी व्हावी, ताकद यावी आणि उन्हाने रबर फुटू नये यासाठी असते. याखेरीज टायरच्या आत दोऱ्यांचे थर असतात. म्हणजे टायर पारदर्शक करायचा तर काजळीही काढावी लागणार आणि दोरेही.

गुडइयर या टायर कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी रबराचा नाद सोडून पॉलियुरेथेन जातीचे निओथेन नावाचे द्रव्य घेतले. ते पातळ असताना साच्यात ओतून एकसंध टायर घडवता येत असे, त्यात हवे ते रंगद्रव्य घालता येई, आणि चाकाच्या आतील बाजूस दिवे बसवले की सगळा टायर दुधी काचेच्या दिव्यासारखा उजळे. १९६० च्या सुमारास ‘गोल्डन सहारा २’ला असे टायर लागले आणि तिचे नाव कायमचे त्यांच्याशी जोडले गेले. त्याच वर्षी जेरी लुईसच्या एका विनोदी चित्रपटातही ही गाडी झळकली.

घोडे अडले ते रस्त्यावर. ओल्या रस्त्यावर या टायरांची पकड रबराच्या टायरांइतकी नव्हती, आणि जोरात ब्रेक लावल्यावर जी उष्णता निर्माण होते तिने हे द्रव्य मऊ पडत असे. मुंबई-नाशिक रस्त्यावर, श्रावणात, कसारा घाट उतरणाऱ्या गाडीला असे टायर लावण्याची कल्पना करून पाहावी. त्यात किंमतही अधिक. गुडइयरने काही वर्षे प्रयत्न करून हा नाद सोडला, आणि ते योग्यच झाले. दुचाकीस्वारासाठी टायरच्या कडेला प्रकाश परावर्तित करणारी पट्टी हा उपाय साधा आणि स्वस्त आहे.

प्रश्न : गाडी इतकी वर्षे कोठे होती? आणि २०१९ मध्ये जी समोर आली ती तीच गाडी म्हणावी, की नवी? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी, याच आशयाची आणखी चार पत्रे)

उत्तर : ती कोठेही गेली नव्हती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रीटने तिला लोकांपुढे आणणे थांबवले आणि डेटनमधील आपल्या गॅरेजात ठेवून दिले. तेथे ती पन्नास वर्षांच्या आसपास धूळ खात राहिली. शौकिनांत तिच्याविषयी अफवा फिरत राहिल्या, पण मालकाने दार उघडले नाही. २०१७ मध्ये स्ट्रीटचे निधन झाले आणि मे २०१८ मध्ये इंडियानापोलिस येथे मेकम या संस्थेच्या लिलावात ती ३,८५,००० डॉलरना विकली गेली. त्या वेळी रंगाला तडे गेले होते आणि ते प्रसिद्ध टायर निकामी झाले होते. ती शिकागोच्या क्लेअरमाँट संग्रहाने घेतली, स्पीकइझी या कारखान्याने तिच्यावर काम केले, गुडइयरने उजळणारे टायर पुन्हा तयार करून दिले, आणि मार्च २०१९ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ती पुन्हा झळाळत उभी राहिली.

आता ‘तीच की नवी’ हा प्रश्न. कारखान्यातून निघालेल्या गाडीचा जीर्णोद्धार करताना निदान वाद मिटवायला एक साक्षीदार असतो: कंपनीची नोंदवही, सुट्या भागांची पुस्तिका, त्याच नमुन्याच्या दुसऱ्या शंभर गाड्या. ‘सहारा’ला यांपैकी काहीच नाही. तिचे मूळ कोणते? १९५३ ची लिंकन? ती तर पहिल्याच रूपांतरात संपली. १९५४ ची बॅरिसची गाडी? ती १९५६ मध्ये कापली गेली. १९५६ ची? तिला तर उजळणारे टायरही नव्हते. ते नंतर आले. म्हणजे जीर्णोद्धार करणाऱ्याला मूळ ‘सापडत’ नाही, त्याला ते निवडावे लागते, आणि येथे निवड झाली ती तिच्या कीर्तीच्या माध्यान्हीची, म्हणजे उजळणाऱ्या टायरांसकटची. ती निवड मला मान्य आहे. बॅरिसचे नाव मोठे म्हणून १९५४ कडे परत जायचे ठरवले असते, तर स्ट्रीटने आणि त्याच्या कारागिरांनी केलेले काम काढून टाकावे लागले असते, आणि ती दुरुस्ती न होता दुसऱ्यांदा केलेली मोडतोड ठरली असती.

रंगाबाबत मात्र माझे मन द्विधा आहे. तडे गेलेला का होईना, तो जुना थर पुन्हा मिळणार नाही. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइल पेंट फासलेला पाहिला की जीव कळवळतो, आणि तोच नियम गाडीला का लावू नये, असे वाटून जाते. पण दगडाचे सौंदर्य जुनेपणाने वाढते, आणि ही गाडी तर झळाळण्यासाठीच जन्मली होती. मळकट ‘सहारा’ हा विद्वानांना प्रिय असा पुरावा झाला असता, पण तिच्याकडे पाहून १९६० सालच्या मुलाच्या तोंडाचा ‘आ’ का वासला असेल, हे कोणाला कळले नसते. टायरांबाबत तर पर्यायच नव्हता.

तुलनेसाठी एड रॉथ या कलंदर कारागिराची ऑर्बिट्रॉन पाहावी. १९६४ ची ही बुडबुड्यासारख्या छताची गाडी हातोहाती विकली जात मेक्सिकोत पोहोचली आणि २००७ मध्ये सिउदाद ह्वारेस येथे रस्त्याकडेला सापडली, तेव्हा तिचे नाकच गायब होते. लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे एकत्र येऊन पांढरा झोत पडावा, ही तिची सगळ्यांत गमतीची कल्पना त्या नाकातच होती. जीर्णोद्धार करणाऱ्यांना ते नाक जुन्या छायाचित्रांवरून नव्याने घडवावे लागले. अशा गाडीत ‘किती जुने आणि किती नवे’ हे स्वच्छ लिहून ठेवले पाहिजे. ‘सहारा’ त्या मानाने सुदैवी. तिचा मालक हट्टी होता आणि त्याच्या गॅरेजाला दार होते.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांची १९६७ ची फियाट आहे. त्यांनी हौसेने तिचा रंग तीनदा बदलला, आसने बदलली, पुढे जादा दिवे लावले. गॅरेजवाले ‘कंपनीसारखी करून देतो’ म्हणतात. तुमचे छायाचित्र पाहून आम्ही थबकलो. काय करावे? (एक कुटुंब, कोल्हापूर)

उत्तर : आपली फियाट कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आहे, त्यामुळे आपल्यापुढे निदान एक निश्चित मूळ आहे, ‘सहारा’च्या मालकांना ते नव्हते. म्हणूनच आपल्याला निवड अधिक जपून करावी लागेल, कारण ‘कंपनीसारखी’ म्हणजे आजोबांना वजा करून.

गाडी खोलण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, आणि त्यात वायरींची जोडणी व बॉनेटची खालची बाजू विसरू नये. मग डिकीच्या आतील एखाद्या न दिसणाऱ्या जागी बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढ्या जागेवर हलक्या हाताने गोल फिरवावा. मध्ये पत्रा दिसू लागला की थांबावे. त्याभोवती झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारखी वलये दिसतील: आधी प्रायमर, मग कारखान्याचा रंग, मग आजोबांचे एकेक रंग, सर्वांत बाहेर आजचा. त्याचेही जवळून छायाचित्र घ्यावे. त्यानंतर घरातल्या वडील माणसांना एकत्र बसवून विचारावे की त्यांच्या आठवणीतली आजोबांची गाडी कोणत्या रंगाची आहे. पाचपैकी चार जण एकाच वलयावर बोट ठेवतील, तर गॅरेजवाल्याला तोच रंग सांगावा. जादा दिवे आणि आसने त्या वलयाच्या काळातील असतील तर ठेवावीत. नंतरची असतील तर काढावीत, पण भंगारात देऊ नयेत. ती चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवावीत.